यहुदी विवाहातील सात आशीर्वाद

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काही तरी निराळ्या विषयावर लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला एकदम एका लग्नाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका बेने इस्रायल कुटुंबातील मुलीच्या लग्नाला जाण्याचा योग आला होता. मांडवात बसलेल्या बायका आपल्यासारखेच मराठी बोलत होत्या. आदल्या दिवशीची मेंदी वधूच्या हातावर रंगली होती. ती पांढरी साडी नेसून आत आली, तेव्हा नवऱ्या मुलाने स्वतः तिच्यासाठी हिब्रू गीत म्हटले. हे सारे मला फार गोड वाटले. मात्र एका गोष्टीचे नवल वाटले. धर्मविधी चालविणाऱ्या हझानने द्राक्षरसाचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हटले, वराने अंगठी घातली, आणि मग सारे थांबवून एक लांबलचक कागद वाचावयास घेतला. तो संपल्यावर पुन्हा पेला उचलला आणि पुन्हा आशीर्वाद सुरू झाले. मंगल कार्य चालू असताना मध्येच हा दस्तऐवज कशाला, असा प्रश्न माझ्या मनात आला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आज भगिनींसमोर ठेवीत आहे.

प्रथम ‘आशीर्वाद’ या शब्दाविषयी. आपल्याकडे वडीलधारी माणसे वधूवरांना उद्देशून आशीर्वाद देतात. यहुदी लोकांचा ‘बेराखा’ हा थोडा निराळा आहे. त्यात म्हणणारा वधूवरांकडे वळत नाही. तो परमेश्वराकडे वळतो, त्याची स्तुती करतो आणि त्या स्तुतीतच वधूवरांसाठी मागणे मागतो. भाकर मोडताना, फळ खाताना, नवे वस्त्र नेसताना असे बेराखा म्हणण्याची त्यांची चाल आहे. लग्नात असे सात बेराखा म्हणतात. हिब्रूत त्यांना ‘शेवा बेराखोत’ म्हणजे सात आशीर्वाद असेच नाव आहे. आपल्या सप्तपदीशी या सातांचा काही संबंध नाही.

वधूला आशीर्वाद देण्याची रीत त्यांच्यात फार जुनी. त्यांच्या धर्मग्रंथात रिबका माहेर सोडून निघते, तेव्हा तिचे आप्त तिला संततीचा आशीर्वाद देतात. पुढे रूथची कथा आहे. रूथ ही मवाब देशातून आलेली परकी स्त्री, आणि तीही विधवा. बवाज नावाच्या गृहस्थाने तिच्याशी विवाह करण्याचे ठरविले, तेव्हा त्याने गावाच्या वेशीवर दहा वडील माणसे बोलावून बसविली. त्या माणसांनी व जमलेल्या लोकांनी, ही स्त्री राहेल आणि लेआ यांच्यासारखी घर उभारणारी होवो, असे शुभ चिंतिले. याच कथेवरून पुढील पंडितांनी नियम काढला की, विवाहाचे आशीर्वाद दहा जण उपस्थित असल्याशिवाय म्हणावयाचे नाहीत. वर स्वतः या दहांत धरला जातो. परंपरेप्रमाणे ही दहा माणसे पुरुषच असावी लागत. अलीकडे सुधारणावादी पंथांत स्त्रियांनाही त्यांत धरतात व स्त्रियाही आशीर्वाद म्हणतात. नियमाचा मूळ हेतू मात्र स्पष्ट आहे. लग्न ही दोघांची किंवा दोन घरांची खाजगी बाब नव्हे. समाजाने तेथे उभे राहून साक्ष द्यावयाची असते.

आता त्या दोन पेल्यांकडे येऊ. प्राचीन काळी यहुदी विवाह दोन टप्प्यांत होई. पहिला टप्पा ‘किद्दुशिन’ अथवा ‘एरुसिन’. तो आपल्या साखरपुड्यासारखा दिसतो, पण त्याहून पुष्कळ पक्का. तो झाला की मुलगी कायद्याने त्या पुरुषाची होई आणि घटस्फोटाशिवाय ते बंधन सुटत नसे. दुसरा टप्पा ‘निस्सुइन’, म्हणजे छत्राखाली, ‘हुप्पा’खाली, वधूला पतीच्या घरात घेणे. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात असे म्हटले आहे की, कुमारिकेला या दोहोंच्या मध्ये तयारीसाठी बारा महिने आणि विधवेला तीस दिवस द्यावेत. पण अस्थिर काळात हा मधला काळ मुलीच्या जिवावर येई. वर परगावी गेला आणि परतलाच नाही, तर ती धड कुमारिकाही नाही आणि धड गृहिणीही नाही! साधारण अकराव्या-बाराव्या शतकांपासून दोन्ही विधी एकाच दिवशी, एकाच छत्राखाली करण्याचा प्रघात पडला. दोन विधींचे दोन पेले मात्र कायम राहिले.

पहिल्या पेल्यावर दोन आशीर्वाद म्हणतात. एक द्राक्षरसाचा. दुसरा वाङ्निश्चयाचा; कोणती नाती विवाहाला निषिद्ध व कोणती विहित हे घालून दिल्याबद्दल त्यात ईश्वराची स्तुती आहे. मग वर दोन साक्षीदारांसमोर वधूच्या बोटात अंगठी घालतो. अंगठी साधी, खडा नसलेली असावी असा संकेत आहे. का, तर खडा खरा की खोटा, किती किमतीचा, याबद्दल वधूची फसगत होऊ नये. किंमत कितीही चालते. प्राचीन काळी हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या दोन शाखा होत्या. त्यांपैकी हिल्लेलच्या शाखेने तर सर्वांत हलक्या नाण्याएवढी वस्तूही पुरेशी मानली. गरिबाचे लग्न अडू नये, हा त्यातला विचार. मात्र वधूची संमती हवीच.

यानंतर येतो तो कागद. त्याचे नाव ‘केतुबा’. हिब्रू नव्हे, तर त्या काळी बाजारात आणि घरात बोलली जाणारी जी अरामी भाषा, तीत तो लिहितात. त्यात वराने वधूला काय देणे लागते ते नमूद असते. मिश्नाने कुमारिकेसाठी किमान दोनशे झुझ आणि विधवेसाठी शंभर झुझ ठरविले. झुझ हे त्या वेळचे रुप्याचे नाणे. पतीने टाकले अथवा तो वारला तर ही रक्कम तिला मिळावयाची. शिवाय तिला कोणी पळवून कैद केले तर पतीने तिला सोडवून आणावे, आजारात औषधपाणी करावे, ती मेल्यास तिचे उत्तरकार्य करावे, आणि तो आधी गेला तर तिने त्याच्या घरात राहून पोटगी घ्यावी, अशा जबाबदाऱ्याही मिश्नाने पतीवर घातल्या. कागदावर लिहिल्या नसल्या तरी त्या लागू होतात, असेही स्पष्ट सांगितले.

या रकमेमागचा इतिहास तालमुद या ग्रंथात आला आहे. तो वाचताना आपल्याच एखाद्या भगिनीची हकीकत ऐकतो आहोत असे वाटते. प्रारंभी ही रक्कम नुसती लिहिलेली असे; पुढे ती हाती पडेल याचा भरवसा स्त्रियांना वाटेना आणि त्या लग्नास तयार होईनात. मग ती रक्कम वधूच्या माहेरी ठेवू लागले. तेव्हा नवरा रागावला की म्हणे, तुझे पैसे तिकडे आहेत, जा तिकडे! मग ती सासरी ठेवू लागले. श्रीमंतांनी त्या पैशांची सोन्यारुप्याची भांडी करविली. तरी राग आला की तेच. घे तुझी भांडी आणि चालती हो! शेवटी इ. स. पूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह या पंडिताने निर्णय दिला की, रक्कम बाजूला काढून ठेवावयाचीच नाही. पतीची सगळी मालमत्ता तिला जबाबदार राहील. म्हणजे तिला घालवावयाचे तर आपले शेत, घर, धंदा यांना हात लागणार, हे त्याने आधी ध्यानात घ्यावे. परंपरा सांगते की, हा शिमोन त्या काळी यहुदी राज्याची सूत्रे सांभाळणाऱ्या शलोम्झियोन राणीचा भाऊ होता. राग आणि तिजोरी यांचे नाते त्याला चांगले उमगले होते यात शंका नाही.

मेईर नावाच्या आचार्याचे मत असे की, केतुबा नसताना पतीने पत्नीबरोबर एक घटकाही नांदू नये. आता माझ्या प्रश्नाचे उत्तर भगिनींच्या ध्यानात आलेच असेल. दोन निराळे विधी एकत्र आले, तेव्हा त्यांच्यात अंतर राहावे म्हणून केतुबा मध्ये वाचण्याची चाल पडली, असे शास्त्र सांगते. ते खरेच आहे. पण परिणाम असा झाला की, पहिला पेला आणि दुसरा पेला यांच्या मधोमध स्त्रीचा हक्क मोठ्याने वाचला जातो आणि तो कागद तिच्या स्वाधीन होतो. त्यानंतरच सात आशीर्वादांना आरंभ होतो.

ते सात आशीर्वाद कोणते? पहिला द्राक्षरसाचा. दुसऱ्यात म्हटले आहे की, ईश्वराने सर्व काही आपल्या गौरवासाठी निर्माण केले. तिसरा मनुष्याच्या निर्मितीबद्दल. चौथाही मनुष्याच्या निर्मितीबद्दलच. पण त्यात मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेत घडला आणि त्याच्यापासूनच त्याची सहचरी, चिरकाल टिकणारी इमारत म्हणून उभी राहिली, असा आशय आहे. एकाच गोष्टीसाठी दोन आशीर्वाद कशाला, असा वाद तालमुदात आला आहे. एक पंडित एका लग्नात पाचच आशीर्वाद म्हणाला, दुसरा दुसऱ्या लग्नात सहा म्हणाला. मुद्दा असा की, पुरुष आणि स्त्री यांची निर्मिती एकदाच झाली की दोनदा? अखेरीस सहांचीच प्रथा स्थिर झाली आणि द्राक्षरसाचा धरून सात झाले.

पाचवा आशीर्वाद मला सर्वांत हृद्य वाटतो. ज्या मातेची कूस रिती आहे, ती आपली मुले परत येऊन आनंदित होवो, असे त्यात मागणे आहे. ही माता म्हणजे सियोन, यरुशलेम नगरी. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने तेथील मंदिर जाळले आणि लोक देशोधडीला लागले. तेव्हापासून या शब्दांना निराळीच धार आली. वधूवरांच्या भाग्याच्या क्षणी ते लोक रित्या कुशीच्या मातेची आठवण काढतात! आपल्याकडे हळदीकुंकवाला आणि मंगल कार्याला अपत्यहीन बाईला, विधवेला बाजूस बसविण्याची रीत किती दिवस चालली आणि कोठे कोठे अजूनही कशी चालते, हे आपण जाणतोच. हा आशीर्वाद ऐकताना त्याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

सहाव्यात, एदेन बागेतील पहिल्या जोडप्याला जसा आनंद दिलास तसा या प्रिय सोबत्यांना दे, अशी प्रार्थना आहे. सातवा सर्वांत मोठा. आनंद, हर्ष, प्रीती, बंधुभाव, शांती, मैत्री अशा शब्दांची त्यात रांगच लागते, आणि यिर्मया संदेष्ट्याने वर्णिल्याप्रमाणे यरुशलेमच्या रस्त्यांत पुन्हा वराचा आणि वधूचा आवाज ऐकू येवो, असे मागणे मागतात. वराचा आवाज आणि वधूचा आवाज, दोन्ही निरनिराळे सांगितले आहेत. सहाव्याच्या शेवटी ईश्वर ‘वराला आणि वधूला’ आनंद देणारा म्हटला आहे, तर सातव्याच्या शेवटी ‘वधूसह वराला’ आनंद देणारा. प्रत्येकाचे स्वतःचे सुख आधी, आणि मग एकमेकांच्या संगतीतले सुख, असा अर्थ टीकाकारांनी यातून काढला आहे.

वधू कुमारिका असो की विधवा, आशीर्वाद सातच. दोघांचाही पुनर्विवाह असेल तर पुढील मेजवान्यांचे दिवस कमी होतात, पण छत्राखालचा एकही आशीर्वाद गळत नाही. आपल्याकडे विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळावयास १८५६ साल उजाडावे लागले, हे येथे आठवावे.

विवाहानंतर सात दिवस आप्तेष्ट वधूवरांना जेवावयास बोलावतात आणि जेवणाअखेर पुन्हा हे सात आशीर्वाद म्हणतात. याकोबाने लेआशी विवाह केल्यावर सप्ताह पाळला होता, त्याची ही आठवण. पण येथेही एक अट आहे. दहा माणसे तर हवीतच, शिवाय आधी या उत्सवात न आलेला असा एक तरी ‘नवा चेहरा’ पंगतीत हवा. शब्बाथ म्हणजे त्यांचा शनिवार मात्र स्वतःच नवा पाहुणा मानला जातो. म्हणजे आनंद रोज कोणा नव्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. वधूपुढे नाचून तिची स्तुती करणे हेही पुण्यकर्म आहे. त्यावरही पूर्वी वाद झाला. शम्मायची शाखा म्हणे, वधू असेल तशीच वर्णावी. लंगडीला सुंदर म्हणणे हे असत्य नव्हे काय? हिल्लेलच्या शाखेचे उत्तर होते की, प्रत्येक वधू सुंदर आणि गुणी आहे असेच म्हणावे. लोकांनी हिल्लेलचे ऐकले, हे बरे झाले.

शेवटी वर पायाखाली काचेचा पेला फोडतो. तालमुदात असे आले आहे की, एका पंडिताने मुलाच्या लग्नात मंडळी फारच बेभान झालेली पाहून चारशे झुझांचा मौल्यवान पेला आणवला व सर्वांदेखत फोडला. सारे एकदम गंभीर झाले. पुढे या फुटलेल्या पेल्याचा संबंध उद्ध्वस्त मंदिराच्या स्मृतीशी जोडला गेला.

या चांगल्या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. विधवेची रक्कम कुमारिकेच्या निम्मी ठेवली होती. घटस्फोटपत्र, ज्याला ‘गेट’ म्हणतात, ते देण्याचा अधिकार पतीच्या हाती राहिला. त्याने ते न दिल्यास पत्नी अडकून पडते, आणि आजही अशा स्त्रियांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. इ. स. १००० च्या सुमारास जर्मनीतील गेर्शोम या पंडिताने पत्नीच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट देण्यास बंदी केली, एवढी एक मोठी सुधारणा झाली.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावावरून त्यांनी आडनावे घेतली. दिवेकर, पेणकर, राजपूरकर, केहिमकर. धर्मग्रंथ जवळ उरले नव्हते. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ नावाची एक प्रार्थना एवढे मात्र त्यांनी टिकवून धरले. बारसे असो, लग्न असो की मृत्यू असो, ते तीच एक प्रार्थना म्हणत असे सांगतात. म्हणजे कितीएक पिढ्यांच्या वधू या सात आशीर्वादांवाचूनच सासरी गेल्या, आणि तरीही त्यांनी आपला धर्म घरात जागता ठेवला!

पुढे कोचीनच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर हिब्रू विद्या परत आली. १७९६ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेतील सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हारहामिम’ हे प्रार्थनामंदिर बांधले. जुनी मशीद म्हणून ते ओळखले जाते. १८२६ च्या सुमारास कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी शिकविण्याचे काम हाती घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो तेल अवीव येथे १९३७ मध्ये छापला गेला. अशा रीतीने सात आशीर्वाद कोकणात आले आणि मेंदी, बांगड्या व पोह्यांच्या मलिद्याच्या शेजारी बसले. द्राक्षासव नसेल तेथे काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत पेल्यात घेतात.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९४८ नंतर या समाजातील पुष्कळ माणसे इस्रायलला गेली. तेथे यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्याच हाती असतात. काही धर्मगुरूंनी शंका काढली की, या लोकांनी पूर्वी विवाह-घटस्फोटाचे नियम पाळले असतील कशावरून? १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह करण्यास हरकत नाही असे ठरविले. परंतु १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांप्रमाणे त्यांच्या आई, आजी, पणजी यांच्या वंशाची चौकशी करण्याची अट आली. पेणहून, अलिबागहून गेलेल्या मुलींनी आपल्या पणजीचे कागद आणावेत तरी कोठून? समाज चिडून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी बायकामुलांसह यरुशलेममध्ये ठाण मांडले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या लोकसभेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला. पुढे धर्मपीठालाही त्या सूचनांतून त्यांचे नाव वगळावे लागले.

ज्या रूथच्या लग्नावरून दहा माणसांचा नियम निघाला, ती परमुलखातून आलेली स्त्री होती आणि दावीद राजा तिचा पणतू. हे त्या धर्मगुरूंना कोणी सांगावयास हवे होते असे नाही. ग्रंथ त्यांच्याच घरचा. पण ग्रंथातील औदार्य दाराशी आलेल्या सुनेला दाखविणे कठीण जाते, हा अनुभव सर्व समाजांचा आहे. आपलाही आहे.

त्या लग्नात वाचलेला तो कागद आता मला मंगल कार्यातील व्यत्यय वाटत नाही. आपण आपल्या मुलींना तोंडभर आशीर्वाद देतो, अक्षता टाकतो, डोळे पुसतो. ते सर्व असावेच. पण तिच्या नावावर काय आहे, उद्या वेळ आली तर ती कशाच्या आधाराने उभी राहील, हे शब्द मंगलाष्टकांच्या आधी कोणी उच्चारीत नाही. उच्चारले तर अशुभ वाटते. दोन पेल्यांच्या मध्ये हक्काचा कागद वाचणाऱ्या त्या लोकांना मात्र ते अशुभ वाटले नाही. आपल्या मंडळाच्या पुढील वर्षी मुलींच्या लग्नाची बोलणी जेथे जेथे निघतील, तेथे भगिनींनी ही गोष्ट आठवावी, एवढीच विनंती.